रहस्य, गुन्हा, थरार, भय : कथेने वाचकाला दिलेले वचन

मराठीत ‘रहस्यकथा’ हा शब्द बराच काळ एखाद्या मोठ्या पोत्यासारखा वापरला गेला आहे. पुस्तकात खून असो, पाठलाग असो, पछाडलेला वाडा असो की वेषांतर केलेला गुप्तहेर असो, ते सारे या एकाच पोत्यात पडत आले. आणि गावोगावच्या वाचनालयांत बाबुराव अर्नाळकर, नारायण धारप, गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर एकाच कपाटात एकमेकांना खेटून उभे राहिले. ग्रंथपालाच्या सोयीसाठी हे ठीकच होते. मात्र कपाटावरची चिठ्ठी हळूहळू समीक्षेची परिभाषा होऊन बसली आणि त्यातून खरे नुकसान झाले. धारपांची कादंबरी वाचून ‘शेवट तर्काला पटत नाही’ असे म्हणणारा आणि अर्नाळकरांचे पुस्तक मिटून ‘खलनायक तर आधीच कळला होता’ अशी तक्रार करणारा, हे दोघेही त्या लेखकांनी कधीच न दिलेल्या वस्तूचा हिशेब मागत असतात. रहस्यकथा, गुन्हेकथा, थरारकथा आणि भयकथा हे चार वेगळे प्रकार आहेत आणि त्यांतील प्रत्येकाला त्याच्याच मापाने मोजले पाहिजे, हा या लेखाचा आग्रह आहे. त्यासाठी हे माप कोठून घ्यायचे, हे आधी ठरवावे लागते.

सर्वात सोपा मार्ग सामग्रीवरून प्रकार ठरवण्याचा, म्हणजे भूत असेल तर भयकथा आणि पोलीस असेल तर गुन्हेकथा असे मानण्याचा. हा मार्ग फार दूर जात नाही, हे दोन उदाहरणांवरून दिसते. आर्थर कॉनन डॉयल यांची बास्करव्हिलच्या शिकारी कुत्र्याची कादंबरी १९०१-०२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यात एका घराण्याला लागलेला शाप आहे, धुक्याने भरलेला ओसाड माळ आहे आणि रात्री जबड्यातून आगीसारखा उजेड टाकणारे जनावर आहे. वातावरण अथपासून इतिपर्यंत भयाचे असले तरी शेरलॉक होम्सच्या हाती अखेरीस लागतो तो चकाकणारा लेप फासलेला एक खराखुरा कुत्रा, आणि त्याच्यामागे असतो मालमत्तेवर डोळा ठेवणारा माणूस. उलट बाजूला धारपांचा ‘समर्थ’ आहे. त्याच्याकडे अडचणीतली माणसे येतात, तो त्यांची हकीकत शांतपणे ऐकतो, जागेची पाहणी करतो, निष्कर्ष काढतो आणि उपाय योजतो. त्याची सगळी चालचलणूक तपासनिसाची आहे. फक्त त्याला जे सापडते ते या जगाच्या नियमांत बसणारे नसते. होम्सच्या अंगावर भयकथेचे कपडे आहेत आणि समर्थाच्या अंगावर रहस्यकथेचे. तरीही कोणत्याही जाणत्या वाचकाला पहिल्या पुस्तकाला रहस्यकथा आणि दुसऱ्याला भयकथा म्हणताना क्षणभरही अडखळावे लागत नाही, याचा अर्थ निर्णय करणारी गोष्ट कपड्यांच्या आत कुठेतरी आहे.

ती गोष्ट म्हणजे कथेने वाचकाला दिलेले वचन. प्रत्येक कथा पहिल्या काही पानांतच न बोलता दोन गोष्टी कबूल करते: वाचकाने कोणता प्रश्न मनात धरून पुढे चालायचे, आणि त्या प्रश्नाला कोणत्या जातीचे उत्तर मिळणार. हे नीट दिसावे म्हणून एकच घटना चार वेळा मांडून पाहणे उपयोगाचे ठरेल. त्यासाठी एक साधी जागा घेता येईल. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातले टेंभुर्णी हे पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव आहे. येथून पंढरपूर, कुर्डुवाडी आणि करमाळा अशा वेगवेगळ्या दिशांना रस्ते फुटतात, उजनी धरणाचे पाणी जवळ आहे आणि गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्याने चालू असतात. अशा ठिकाणी, केवळ उदाहरणादाखल, पुढील घटना कल्पावी. पुण्याहून सोलापूरला निघालेली एसटी रात्री दोनच्या सुमारास टेंभुर्णी स्थानकात थांबते, माणसे चहाला उतरतात, दहा मिनिटांनी पुन्हा चढतात, आणि डबल बेल देण्याआधी कंडक्टर माणसे मोजतो. वेबिलावर एक्केचाळीस प्रवासी आहेत आणि गाडीत चाळीस भरतात. सतरा क्रमांकाच्या आसनावर एक रेक्झीनची पिशवी आहे, माणूस नाही.

पहिल्या मांडणीत त्या पिशवीत कपड्यांऐवजी जुनी वर्तमानपत्रे कोंबलेली निघतात. भिगवणच्या पुढे या प्रवाशाने ‘टेंभुर्णीला गाडी किती वेळ थांबते’ असे दोनदा विचारल्याचे कंडक्टरला आठवते, आणि तिकीट सोलापूरचे असूनही त्याने पहाटे अडीचला पंढरपूरकडे जाणाऱ्या गाडीची चौकशी केल्याचे चहावाला सांगतो. पुढील सर्व पाने या तीन तुकड्यांवर चालतील आणि अखेरचे उत्तर या तीन तुकड्यांतूनच निघाले पाहिजे.

दुसऱ्या मांडणीत लपवाछपवी नाही. स्थानकाबाहेरच्या अंधारात उभे राहून त्या प्रवाशाला हाक मारणारा माणूस त्याचा सख्खा भाऊ आहे, आणि तो त्याला ठार मारणार आहे, हे वाचकाला पहिल्या पानावरच ठाऊक असते. कथा मागे जाते: धरणात गेलेली जमीन, तिच्या मोबदल्याची वाटणी, सावकाराचे व्याज, वडिलांच्या आजारपणात कोणी किती खर्च केला यावरून घरात चाललेली धुसफूस, आणि एका माणसाच्या हातून असे कृत्य होईपर्यंतचा सगळा उतार.

तिसऱ्या मांडणीत वाचक गाडीच्या बाहेरही पाहू शकतो. प्रवाशाला एका जीपमध्ये कोंबण्यात आले आहे आणि जीप करमाळ्याच्या रस्त्याला लागली आहे. त्याची आठ वर्षांची मुलगी अठरा क्रमांकावर गाढ झोपली आहे. मागच्या बाकावरच्या दोघांचे तिच्यावर लक्ष आहे, आणि ‘उतरला असेल मधेच’ असे म्हणून कंडक्टर दोरी ओढतो. गाडी मोहोळकडे निघते.

चौथ्या मांडणीत कंडक्टर पुन्हा एकदा मोजतो आणि या वेळी एक्केचाळीस भरतात. सतरावर कोणीतरी मान खाली घालून बसले आहे, आसन ओले आहे आणि गाळाचा वास येतो आहे. तिकिटावर जिथून प्रवास सुरू झाला असे छापलेले आहे ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेले आहे. कंडक्टरच्या यंत्रात त्या नावाचा टप्पाच नाही.

या चार मांडण्यांमध्ये जागा, वेळ, गाडी आणि हरवलेला माणूस तोच आहे. बदलते ते वाचकाजवळच्या माहितीचे स्थान. रहस्यकथेत ज्याला सारे माहीत आहे असा कोणीतरी कथेत असतो, वाचक त्याच्यापेक्षा कमी जाणतो, आणि तपास करणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून चालतो. थरारकथेत हे उलटे होते: वाचक पात्रांपेक्षा जास्त जाणतो आणि त्या जास्तीच्या माहितीनेच त्याचा जीव टांगणीला लागतो. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितले तर टेबलावरच्या साध्या गप्पाही असह्य होतात, हे आल्फ्रेड हिचकॉक यांनी समजावून दिलेले तत्त्व याच जागेवर बोट ठेवते. गुन्हेकथेत माहितीचा तुटवडा नसतोच. सर्व तपशील हाती असूनही ‘हे का घडले’ हे उमगत नाही, आणि ते उमगण्यासाठी वाचक पाने उलटतो. भयकथेची गोष्ट यांहून निराळी आहे, कारण तिच्यात कळणे हेच संकट असते. इतर तीन प्रकारांत सत्य हाती आले की मन मोकळे होते. भयकथेत ते जसजसे उघडे होत जाते तसतसा पायाखालचा आधार सुटत जातो आणि अज्ञानातच बरे होतो असे वाटू लागते.

भारतीय काव्यशास्त्राकडे या संदर्भात फारसे कोणी पाहत नाही, हे खेदाचे आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आणि त्यांचे आठ स्थायीभाव सांगितले आहेत. स्थायीभाव म्हणजे मनात खोल रुजलेली, टिकून राहणारी भावना. आणि तिच्यावर लाटांसारखे उठून विरून जाणारे ते तेहतीस व्यभिचारी भाव. भय हा स्थायीभाव आहे व त्याचा रस भयानक. जुगुप्सा, म्हणजे किळस, हाही स्थायीभाव आहे व त्याचा रस बीभत्स. भयकथेला अशा रीतीने शास्त्रात मानाची जागा आधीपासून आहे. पण रहस्यकथेच्या मुळाशी असणारा ‘वितर्क’, म्हणजे असे असेल की तसे असेल हा मनाचा झोका, आणि थरारकथेचे ‘औत्सुक्य’, ‘आवेग’ व ‘त्रास’, म्हणजे दचकणे, हे सारे व्यभिचारी भावांच्या यादीत आहेत. या दोन प्रकारांना वाङ्मयात कायम दुय्यम का मानले गेले, याचे उत्तर यात बरेचसे सापडते: ज्या भावनेवर ते उभे आहेत ती स्वभावतःच क्षणिक आहे आणि उलगडा झाला की ती संपते. म्हणूनच फक्त वितर्कावर विसंबलेली रहस्यकथा दुसऱ्यांदा वाचवत नाही. जी पुन्हा पुन्हा वाचली जाते तिने तपासनिसाच्या व्यक्तिमत्त्वातून, भाषेतून किंवा एखाद्या गावाच्या चित्रणातून वितर्काखाली काहीतरी स्थायी घालून ठेवलेले असते. भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स कोडी पाठ झाल्यावरही वाचकांच्या घरात राहिला, तो होम्स आणि वॉटसन यांच्या सहवासासाठी.

प्रत्यक्ष संस्कृत वाङ्मयातही या प्रकारांची बीजे एकमेकांपासून वेगळी ओळखता येतात. वेताळपंचविशीत स्मशान, झाडाला लटकलेले प्रेत आणि राजाच्या पाठीवर बसून बोलणारा वेताळ आहे. पण वेताळ विचारतो ते प्रश्न विवेकाचे आणि न्यायाचे असतात, त्यांना उत्तर असते आणि ते राजाला देता येते, म्हणून भयाच्या चौकटीत बसवलेली ती कोडी आहेत. शूद्रकाचे मृच्छकटिक हे तर या दृष्टीने आश्चर्य वाटावे इतके परिपूर्ण आहे. शर्विलक हा चोर नायक चारुदत्ताच्या घराला भगदाड पाडतो तो प्रवेश प्रेक्षक चोराच्या बाजूने पाहतो. चोरी कशी केली जाते आणि ती कोणत्या प्रेमापायी केली जाते हे दोन्ही त्यात आहे, आणि गुन्हेकथेला लागणारी सहानुभूती व नैतिक अस्वस्थता तेथे एकत्र येतात. पुढे खलनायक शकार नायिका वसंतसेनेचा गळा आवळतो, ती मेली असे समजून चारुदत्तावर आळ घेतो आणि न्यायालय चारुदत्ताला दोषी ठरवते. वसंतसेना जिवंत आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, न्यायाधीशाला नसते. खुनी कोण हा प्रश्न तेथे उरलेलाच नाही; ती वेळेवर वधस्तंभाशी पोहोचेल का एवढाच प्रश्न आहे, आणि तो पूर्णपणे थरारकथेचा आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले तेव्हा मराठी प्रेक्षकाला या ताणाची चव इंग्रजी कादंबरीच्या वाटेने आलेल्या पाठलागांइतकीच सहज लागली असली पाहिजे.

अर्नाळकरांचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. १९०६ ते १९९६ असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या या लेखकाने हजाराहून अधिक पुस्तके लिहिली आणि ती सगळी रहस्यकथा या नावाने ओळखली गेली. त्यांच्या धनंजय या नायकाच्या कथांना ते नाव शोभते. पण झुंजार आणि काळा पहाड या नायकांच्या कथांची ओढ निराळी आहे. वाईट माणूस कोण हे तेथे लवकर स्पष्ट होते. नायक कोणत्या वेषात येईल, कोणत्या सापळ्यात अडकेल आणि त्यातून कसा निसटेल यासाठी वाचक श्वास रोखून बसतो. ही थरारकथा आहे, तिच्यात साहसकथेचे रक्त आहे, आणि ती ज्या गतीने व ज्या साध्या, धावत्या मराठीत लिहिली गेली त्या गतीला आणि त्या मराठीला तोड नाही. कोड्याची गुंतागुंत शोधत तिच्याकडे गेलेल्या समीक्षकाला ती पोकळ वाटली, याचा दोष अर्नाळकरांकडे जात नाही. नुकतेच वाचायला शिकलेल्या हजारो कामकरी माणसांना त्यांनी पुस्तकाची गोडी लावली, आणि ते काम तर्कशुद्ध कोड्यांनी झाले नसते.

धारपांवरचा अन्याय याहून खोल आहे. त्यांची ‘लुचाई’ ही स्टीफन किंग यांच्या १९७५ च्या कादंबरीवर बेतलेली आहे, एवढे सांगून पुष्कळदा चर्चा थांबवली जाते. एका परक्या गावातले रक्तपिपासू संकट मराठी वाचकाच्या ओळखीच्या गल्लीत आणून तेथे ते खरे वाटायला लावणे हे केवळ भाषांतराचे काम नाही. भयकथा ज्या भूमीवर उभी राहते ती भूमी म्हणजे वाचकाचे घर, देवघर, माजघरातला अंधार आणि आजी-आजोबांविषयीची त्याची धास्ती. ती भूमी परक्या पुस्तकातून उसनी घेता येत नाही. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या ‘तुंबाड’ या चित्रपटालाही धारपांच्या कथेची प्रेरणा होती, आणि तो चित्रपट जेथे सर्वाधिक घाबरवतो तेथे राक्षसापेक्षा घरातली एक म्हातारी पुरेशी ठरते.

रहस्यकथा आणि भयकथा यांच्यातील वचनभंग हा या विषयातला सर्वात मोठा अपराध मानावा लागेल. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मोपदेशकाने, जो स्वतः रहस्यकथाही लिहीत असे, १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले. त्यांत अलौकिक शक्तींना मज्जाव होता. कुलूपबंद खोलीतल्या खुनाचा उलगडा भुताने करणे म्हणजे वाचकाने दोनशे पाने केलेल्या विचाराचा अपमान. उलट दिशेचा भंगही तितकाच वाईट आहे, आणि मराठीत तो जास्त झाला आहे: तीन-चतुर्थांश पुस्तकभर खऱ्या भयाचे वातावरण उभारायचे आणि शेवटच्या प्रकरणात ‘ते सर्व वाडा रिकामा करण्यासाठी चुलत्याने रचलेले नाटक होते’ असे सांगून मोकळे व्हायचे. बास्करव्हिलची कथा तसे करत नाही, कारण होम्स पहिल्या भेटीपासूनच शापाच्या गोष्टीला पुराव्याच्या भाषेत प्रश्न विचारत असतो. वचन तेथे आधीच दिलेले आहे.

ही सीमा कायमची धूसर ठेवणारा एक प्रकार मराठीने स्वतः घडवला आणि त्याला गूढकथा हे नाव दिले. रत्नाकर मतकरी यांनी ती हाताळताना घटनेमागे खरोखर काही अलौकिक आहे की पात्राच्या मनाचा तोल गेला आहे, हा निर्णय अनेकदा वाचकावर सोडला. त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने १९७० मध्ये या संभ्रमालाच एका स्वतंत्र वाङ्मयप्रकाराचे लक्षण मानले होते. गूढकथेचे वचन संभ्रमाचेच असते आणि म्हणून उलगडा न देणे हा तिच्यात दोष ठरत नाही. मतकरींच्या कथांना सरसकट भयकथा म्हणणाऱ्यांच्या हातून ही नाजूक जागा निसटते.

महाराष्ट्रात या भेदाला पुस्तकांच्या बाहेरही महत्त्व आहे. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवत येथे एकामागून एक खून झाले, त्यांत बळी गेल्या त्या मुख्यतः मुली आणि स्त्रिया, आणि गुप्तधनाच्या हव्यासापायी नरबळी दिले गेल्याचा आरोप पुढे आला. त्या दिवसांत परिसरातल्या माणसांसाठी ती भयकथा होती: संकटाला चेहरा नव्हता आणि त्याला आवर घालणारा नियम कोणाला ठाऊक नव्हता. तपासाचे नेतृत्व करणाऱ्या रमाकांत कुलकर्णी यांना त्या भयाच्या जागी रहस्यकथेची शिस्त आणावी लागली, म्हणजे येथे जे घडते आहे ते माणसाने केले आहे, त्याचा माग राहतो आणि तो माग कोठेतरी पोहोचतो, एवढ्या एका गृहीतावर ठाम उभे राहावे लागले. २०१३ च्या नरबळी व जादूटोणाविरोधी कायद्यामागेही हेच गृहीत आहे. भयकथा वाचल्याने अंधश्रद्धा वाढते असा आक्षेप अधूनमधून घेतला जातो, पण तो नेम चुकलेला आहे. भयकथा म्हणून लिहिलेली कथा वाचकाकडे काही घटका विश्वास उसना मागते आणि पुस्तक मिटताना परत करते. खरा अपाय करते ती बातमी, जी प्रत्यक्ष मृत्यूची हकीकत भयकथेच्या सुरात सांगते आणि रहस्यकथेने पत्करलेली पुराव्याची जबाबदारी टाळते. करणी केल्याच्या संशयावरून एखाद्या बाईला गावाने मारहाण केली की त्या सुराची किंमत दिसून येते.

मानवतची हकीकत २०२४ मध्ये वेबमालिकेच्या रूपाने पुन्हा सांगितली गेली आणि तिने तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा हात धरला. निवड समजण्यासारखी आहे. तरी कोणत्याही प्रकाराची निवड केली की काहीतरी मागे राहतेच. रहस्यकथेला प्रेत लागते ते पुरावा म्हणून, थरारकथेला लागते ते पुढच्या धोक्याची खूण म्हणून, भयकथेला अपशकुन म्हणून. त्या माणसाचे मरणापूर्वीचे आयुष्य या तिघींपैकी कोणालाही फारसे आवश्यक नसते. टेंभुर्णी स्थानकावरच्या घटनेतही हेच झाले आहे. सतरा क्रमांकाचा प्रवासी तीन मांडण्यांत नावावाचून चालून गेला, कारण पहिलीला त्याची पिशवी पुरली, तिसरीला त्याची झोपलेली मुलगी आणि चौथीला ओले आसन. दुसरी मांडणी लिहायला बसणाऱ्याला मात्र भावाने अंधारातून त्याला कोणत्या नावाने हाक मारली, हे पहिल्याच ओळीत ठरवावे लागते, आणि ते वेबिलावर लिहिलेले नसते.